सायकलची लिथियम बॅटरी घरी दुरुस्त करताना: आधी मोजा, आठवडाभर थांबा, मग सेलला हात लावा

शेजारच्या काकांची इलेक्ट्रिक सायकल पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढाला बंद पडायची. सपाट रस्त्यावर व्यवस्थित. चढ आला, मोटरनं जोर घेतला की डिस्प्लेसकट सगळं अंधार. पाच मिनिटं उभी ठेवली की पुन्हा सुरू. दुकानात दाखवली तर एका वाक्यात निकाल मिळाला: बॅटरी गेली, नवी घ्या. काकांनी पॅक माझ्याकडे आणून टेबलावर ठेवला. म्हणाले, "अरे, तीन वर्षं पण झाली नाहीत. खरंच गेली का, तेवढं बघ." मी म्हटलं, "बघतो, पण चार्जरही घेऊन या बरोबर."

ती बॅटरी गेलेली नव्हती. तीस सेलमधला एक सेल गेला होता. हे ठामपणे सांगता यायला मला दोन आठवड्यांहून जास्त लागले, आणि त्यातले बहुतेक दिवस नुसते वाट बघण्यात गेले. ही वाट बघण्याची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पॅकवर मीही गाळली होती. तीन-तीन सेलच्या गटांपैकी चौथ्याचा व्होल्टेज खाली दिसला म्हणून त्याचे तिन्ही सेल काढून नवे लावले. तीन आठवड्यांत नवे सेलही तितकेच खाली. दोष सेलमध्ये नव्हताच, संरक्षक सर्किटमध्ये होता. काढलेले तीन सेल नंतर तपासले तर धडधाकट निघाले. म्हणून हा लेख लिहिताना दुरुस्तीपेक्षा निदानावर जास्त जागा खर्च करतो आहे.

हा पॅक असतो कसा

आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक सायकलींत ३६ व्होल्टचा पॅक असतो. आत १८६५० नावाचे गोल सेल: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. तीन सेल समांतर जोडून एक गट, असे दहा गट एकापुढे एक मालिकेत. एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि ३ च्या खाली तो जवळपास रिकामा. म्हणजे अख्खा पॅक भरल्यावर ४२ व्होल्ट आणि संपत आल्यावर ३० च्या आसपास. काकांच्या पॅकमध्ये २६०० मिलिअँपिअर-तासांचे सेल होते, तीन समांतर म्हणून ७.८ अँपिअर-तास. एकूण साठा साधारण २८० वॅट-तास.

काही पॅकमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. त्यांचे आकडे वेगळे: सरासरी ३.२, भरल्यावर ३.६५. पॅकवरचं लेबल वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. खालचे सगळे आकडे पहिल्या प्रकारचे आहेत.

सेलच्या वर एक हिरवी किंवा निळी पट्टी असते, ती बीएमएस, म्हणजे संरक्षक सर्किट. ती प्रत्येक गटावर नजर ठेवते. चार्ज होताना एखादा गट ४.२५ च्या आसपास गेला की चार्जिंग तोडते, वापरताना एखादा गट २.८ च्या आसपास उतरला की बाहेरचा पुरवठा तोडते. एकच गट असं करू शकतो. मालिकेत सगळ्यांतून करंट तेवढाच वाहतो, म्हणून एक अशक्त गट आधी तळाला जातो आणि बाकीच्या नऊ गटांत निम्मी शक्ती शिल्लक असताना बीएमएस दिवे घालवते. काकांच्या सायकलीचं चढावर तेच होत होतं.

कुठला पॅक उघडू नये

सेल फुगलेला, चेपलेला किंवा गंजलेला असेल, आतून गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत असेल, पॅक पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात बुडाला असेल, तर तो दुरुस्तीचा विषय नाही. पाण्यात गेलेला पॅक वाळवल्यावर चालूही होतो, पण क्षार आत गंजत राहतात आणि आठवड्यांनी शॉर्ट होऊ शकतो. पडून पडून एखादा गट २ व्होल्टच्या खाली उतरून राहिला असेल तर तो गट बाद धरा. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज केल्यावर तेच तांबं नको तिथं जाऊन बसतं आणि सेल आतून शॉर्ट होतो. बाहेरून तो सेल नव्यासारखाच दिसतो.

इलेक्ट्रिक स्कूटरचे ४८, ६०, ७२ व्होल्टचे पॅक घरी उघडू नका. साठा पाच-दहा पट, व्होल्टेज जीवावर बेतू शकणारा, आणि आतली बरीचशी जोडणी रसायनात ओतून बंद केलेली. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सायकलच्या पॅकवर हात बसल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, आणि बसल्यावरही शक्यतो नाहीच.

टेबल मांडण्याआधी

काम गॅलरीत, अंगणात किंवा गच्चीवर. घरात करायची वेळ आली तर दारात किंवा जिन्यात नको, कारण काही झालं तर तुमची बाहेर पडायची वाट तीच. जवळ एक बादली वाळू आणि एक-दोन बादल्या पाणी. लिथियम म्हटलं की पाणी टाकू नये, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं असतं. ते धातुरूप लिथियमबद्दल खरं आहे. या सेलमध्ये लिथियम संयुगांच्या रूपात असतं, आणि पेटलेल्या सेलला भरपूर पाण्यानं थंड करणं हाच उपाय, नाहीतर शेजारचा सेल तापून तोही पेटतो. एखादा सेल धुमसू लागला तर चिमट्यानं वाळूत किंवा पाण्यात. पॅकच पेटला तर धूर छातीत न घेता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. त्या धुरात विषारी हायड्रोजन फ्लोराइड असतं.

अंगठी, घड्याळ, मनगटातलं कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. ४२ व्होल्टचा शॉक सहसा जाणवतही नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो. पण दोन टोकांवर अंगठी टेकली तर ती क्षणात लाल होते.

साधनांत एक बरा मल्टिमीटर हवाच. त्याच्या दोन्ही काड्यांना श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून टोकाशी दोनच मिलिमीटर धातू उघडा ठेवा. त्या दोन मिलिमीटरनं माझं बरंच काही वाचवलं आहे. बीएमएसच्या कनेक्टरमध्ये शेजारशेजारच्या पिना अगदी जवळ असतात आणि उघडी काडी घसरली की दोन पिना जोडल्या जातात. दुसरी गोष्ट, लाल वायर मीटरच्या अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. त्या भोकात असताना व्होल्टेज मोजायला गेलं की मीटर म्हणजे सरळ तार होतो.

याशिवाय प्लास्टिकची पट्टी किंवा आइस्क्रीमची काडी, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा पिवळसर टेप), जाड कागदाच्या चिकट चकत्या (बाजारात बार्ली पेपर म्हणतात), एक टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, आणि वही-पेन. वही विसरू नका.

न उघडता काय कळतं

चार्जर एकटाच प्लगला लावून त्याचं टोक मोजा. ४२ च्या आसपास हवं. शून्य किंवा ३८ दाखवलं तर पॅक बाजूला ठेवा, आधी चार्जर बदला. मग पॅकची दोन तोंडं मोजा: मोटरकडे जाणारं आणि चार्जिंगचं.

मोटरकडे शून्य, पण चार्जिंगच्या तोंडावर ३५-३६ व्होल्ट, असं दिसलं तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा बीएमएसनं तोडलेला पुरवठा यांपैकी काहीतरी. फ्यूज बहुतेक वेळा तोंडाजवळच असतो, तो मीटरच्या बीपवर तपासा. तेवढ्यावर काम भागलं तर उत्तमच.

चार्जर लावल्या लावल्या दिवा हिरवा होतो आणि तरी सायकल पाच किलोमीटरही जात नाही, हे लक्षण मला सगळ्यात जास्त भेटतं. याचा अर्थ पॅक भरला असा नाही. एखादा गट आधीच ४.२५ ला पोचला म्हणून बीएमएसनं चार्जिंग तोडलं, चार्जरला करंट जाताना दिसेना, म्हणून त्यानं हिरवा दिवा लावला. असा पॅक तासाभरानं मोजला तर ४२ ऐवजी ४१ किंवा त्याहून कमी भरतो. काकांचा पॅक ४१.३ होता.

उघडताना

डब्याचे स्क्रू काढून पॅक बाहेर घ्या. ओढून निघत नसेल तर ओढू नका, आत सिलिकॉनचे ठिपके असतात. ते प्लास्टिकच्या पट्टीनं सोडवा. निळी श्रिंक स्लीव्ह बीएमएसच्या बाजूनं कापा, पात्याची नुसती धार लावून, टोक आत न खुपसता. सेलच्या अंगाला धातूचा टिन असतो आणि तो टिन म्हणजेच सेलचं ऋण टोक. पातं सेलच्या आवरणातून आत गेलं तर तिथंच शॉर्ट होईल.

आवरण निघालं की आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, वायरींचे रंग दिसतील असे.

आता नजरेनंच बघा. कुठं सेल जोडणारी निकेलची पट्टी काळी पडली आहे, कुठं वायरचा डाग सुटला आहे, कुठं हिरवट-पांढरी बुरशी आहे. बीएमएसवर तपकिरी झालेली जागा दिसते का, ते भिंग घेऊन पाहा. माझ्या पॅकमध्ये चौथ्या गटाच्या रेझिस्टरभोवती बोर्ड चहाच्या डागासारखा पिवळसर झालेला होता. मी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि जुनेपणाची खूण समजून सोडून दिला होता.

दहा आकडे

बीएमएसकडे जाणाऱ्या बारीक वायरींचा पांढरा कनेक्टर हलक्या हातानं, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा हलवत काढा. वायर धरून ओढू नका. त्यात बहुतेक वेळा अकरा वायरी असतात, एक काळी आणि दहा गटांच्या दहा. (काहींमध्ये काळी नसते, तिथं पॅकचं ऋण टोक धरायचं.) काळ्यापासून पहिलीपर्यंत पहिला गट, पहिलीपासून दुसरीपर्यंत दुसरा, असं जात राहा. काकांच्या पॅकचे, चार्जर हिरवा झाल्यावर तासाभरानं घेतलेले आकडे असे होते:

४.१९, ४.२०, ४.१८, ४.१९, ४.२०, ४.१९, ३.६१, ४.१९, ४.२०, ४.१८.

सातवा. एवढं स्पष्ट चित्र नेहमी मिळत नाही, पण बरेचदा मिळतं. दहाही गट ०.०३ व्होल्टच्या आत असतील तर पॅक समतोल आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. दोन-तीन गट थोडे थोडे खाली असतील तर नुसता समतोल गेलेला असू शकतो. चारपाच गट इकडेतिकडे पसरलेले असतील तर सगळा पॅकच थकला आहे आणि एकेक गट बदलत बसण्यात अर्थ नाही. एखाद्या गटाचा आकडा शून्य किंवा अगदी विचित्र आला तर आधी ती बारीक वायर सुटली नाही ना ते बघा. मीटरची काडी थेट सेलच्या निकेल पट्टीवर टेकवून मोजलं की लगेच कळतं.

सातवा खाली आहे एवढंच या आकड्यांनी सांगितलं. तो का खाली आहे ते सांगितलेलं नाही. कारणं तीन असू शकतात: गटातला एखादा सेल आतल्या आत गळतो आहे, बीएमएसचं समतोल राखणारं, म्हणजे सगळे गट एका पातळीवर आणणारं सर्किट त्या गटाला सतत चोखतं आहे, किंवा गटाची साठवण कमी झाली आहे. तिन्हींचे आकडे पहिल्या दिवशी सारखेच दिसतात.

आठवडाभर थांबणं

कनेक्टर काढलेलाच ठेवा. आता फक्त तो एक गट भरायचा. टीपी४०५६ मॉड्यूल मोबाइलच्या चार्जरवर चालतं, एक अँपिअरनं भरतं आणि ४.२ ला स्वतःच थांबतं. गट २.९ च्या खाली असेल तर ते आधी अगदी बारीक करंटनं सुरुवात करतं, हा त्याचा मोठा गुण. धन-ऋण उलटं लागलं तर मॉड्यूल जळतं, म्हणून मीटरनं खात्री करून मगच लावा. तीन सेलचा गट भरायला रात्र लागेल असं धरा, पण ते दिवसा, डोळ्यासमोर करा. सेल कोमटपेक्षा गरम लागला तर लगेच काढा.

इथं एक सापळा आहे. दोन गट खाली आहेत म्हणून दोन मॉड्यूलं एकाच अ‍ॅडॉप्टरवरून एकदम लावू नका. दोन्हींचं ऋण टोक अ‍ॅडॉप्टरमध्ये एकच असतं, आणि पॅकमध्ये तीच दोन टोकं वेगवेगळ्या उंचीवर असतात. अ‍ॅडॉप्टरमधून थेट शॉर्ट होईल. एका वेळी एकच गट.

भरल्यावर मॉड्यूल काढा, दोन तास जाऊ द्या, दहाही गट मोजून तारीख-वेळेसह वहीत लिहा. पॅक सावलीत ठेवा. मग रोज त्याच वेळी मोजा, सात दिवस.

चांगला गट पहिल्या दिवसात एक-दोन शतांश व्होल्ट खाली येतो आणि तिथं बसतो. गळका गट रोज उतरत राहतो. काकांचा सातवा गट ४.१८ पासून निघाला: ४.१४, ४.११, ४.०८, ४.०५... बाकीचे नऊ जिथल्या तिथं. बीएमएस जोडलेलीच नव्हती, म्हणजे चोखणारं बाहेर कोणी नाही. सेलच गळतो आहे. माझ्या जुन्या पॅकवर मी हे केलं असतं तर चौथा गट ४.१७ वर शांत बसलेला दिसला असता. मग कनेक्टर परत लावून आणखी आठवडा मोजलं असतं, तेव्हा तो उतरला असता, आणि बीएमएस पकडली गेली असती.

ही परीक्षा पूर्ण भरूनच घ्यायची, यालाही कारण आहे. ३.६-३.७ च्या पट्ट्यात सेलचा व्होल्टेज जवळजवळ सपाट असतो, बरीच शक्ती गळली तरी आकडा फारसा हलत नाही. वरच्या टोकाला थोडी गळतीही दिसते.

ओझं देऊन बघणं

आठवड्यात कुठलाच गट उतरला नाही, बीएमएसही ठीक, तरी चढावर बंद पडते? मग गटाचा आतला अडथळा वाढलेला असणार. त्यासाठी ओझं द्यावं लागतं. मी कारच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे नऊ बल्ब एका फळीवर लावले आहेत: तीन-तीन बल्ब मालिकेत, अशा तीन माळा. एकेक माळ जोडत जायचं. थंड फिलामेंट सुरुवातीला क्षणभर कितीतरी जास्त करंट खेचतं, तिन्ही माळा एकदम जोडल्या तर त्या झटक्यानंच बीएमएस पुरवठा तोडू शकते. तिन्ही पेटल्यावर माझ्या मीटरवर ५.४ अँपिअर येतात. बल्ब खूप तापतात, फळीवर कागद-कापड नको.

या वेळी कनेक्टर बीएमएसला लावलेला हवा, नाहीतर ती पुरवठाच सोडणार नाही. काडी कनेक्टरच्या मागून, वायर आत जाते तिथं टेकवायची. प्रत्येक गट ओझ्याशिवाय आणि ओझ्यासकट मोजा. चांगल्या गटात फरक ०.०८ व्होल्टच्या आसपास येतो. ०.०८ भागिले ५.४, म्हणजे १५ मिलिओम. तीन समांतर सेल आणि पट्ट्यांसाठी हे ठीक. एखाद्या गटात फरक ०.४५ आला तर अडथळा ८३ मिलिओम, आणि तोच गट चढावर २.८ च्या खाली डुबकी मारतो.

पण असा गट सापडला की लगेच सेलला दोष देऊ नका. निकेल पट्टीचा वेल्ड सुटलेला असू शकतो. ओझं चालू असताना एक काडी पट्टीवर आणि दुसरी त्याच सेलच्या तोंडाच्या धातूवर, पट्टीला न लागता, टेकवा. वेल्ड पक्का असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. दशांश व्होल्टमध्ये काही दिसलं तर सेल चांगला आहे, जोड गेला आहे. आइस्क्रीमच्या काडीनं पट्टी हलकेच दाबल्यावर आकडा बदलला तर खात्रीच. खड्ड्यांच्या रस्त्यावर चालणाऱ्या सायकलींत हा दोष काही दुर्मीळ नाही.

बीएमएस बदलणं

दोष बीएमएसचा निघाला तर काम तुलनेनं सोपं. नवी घेताना गट दहाच, रसायन तेच, आणि अँपिअर जुनीएवढे किंवा थोडे जास्त. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. जुनी बरोबर घेऊन जा.

जुनी काढताना आधी पांढरा कनेक्टर, मग जाड वायरी. नवी लावताना उलटं: आधी पॅकच्या ऋण टोकाची जाड वायर, आणि कनेक्टर सगळ्यात शेवटी. जुना कनेक्टर नव्या बोर्डात बसला म्हणून तसाच खुपसू नका, पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. बारीक वायरी जोडून झाल्या की काळी पिन धरून एकेक पिन मोजा: ४.१, ८.२, १२.३ अशा सारख्या पायऱ्यांनी आकडा ४१ पर्यंत चढला पाहिजे. मध्ये एखादी पायरी चुकली किंवा उलटी आली तर तिथंच थांबा. क्रम बरोबर आहे याची खात्री झाल्यावर मगच कनेक्टर आत. काही बीएमएस चार्जर क्षणभर लावल्याशिवाय जाग्या होत नाहीत, ते लक्षात असू द्या.

बीएमएस वगळून वायर थेट जोडून देणारे दुरुस्तीवाले मी पाहिले आहेत. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्यानंतर अशक्त गट शून्याच्या दिशेनं ओढला जातो किंवा चार्ज होताना ४.२ च्या वर ढकलला जातो, आणि थांबवणारं कोणी नसतं. असं काम कोणी करून देत असेल तर पॅक उचलून घरी या.

सेल बदलणं

निकेल पट्टी काढताना ती पकडीत धरून सार्डिनच्या डब्याच्या झाकणासारखी गुंडाळत सोडवा, सरळ उपटू नका. शेजारच्या गटाशी जोडणारी पट्टी कापताना कात्री एका वेळी एकाच पट्टीला लागेल असं बघा. आजूबाजूच्या सगळ्या उघड्या पट्ट्या आधी कॅप्टॉन टेपनं झाका. या कामातले बहुतेक अपघात उघड्या पट्टीवर पडलेल्या पकडीनं होतात.

काकांचे तिन्ही सेल सुटे केले, प्रत्येक वेगळा भरला आणि पुन्हा ठेवले. आठवड्यानं आकडे ४.१५, ४.१६ आणि ३.८७. एकच सेल. समांतर जोडलेले असताना तोच बाकीच्या दोघांची शक्तीही पीत होता.

एकच बदलावा की तिन्ही? मी तिन्ही बदलतो. जुन्या दोघांबरोबर नवा सेल जोडला तर कमी अडथळ्यामुळे करंटचा मोठा वाटा तोच उचलतो. बदललेला गट इतर नऊ गटांपेक्षा ताकदवान झाला तरी पॅकला त्याचा त्रास नाही, फक्त फायदाही नाही: पॅकची क्षमता सगळ्यात अशक्त गटाएवढीच राहते.

नवे सेल घेताना वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. चांगला १८६५० सेल ४४ ते ४९ ग्रॅम भरतो. ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला, तीस-पस्तीस ग्रॅमचा सेल घेऊ नका. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० च्या आसपास मावतं, ९९०० मावूच शकत नाही. आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह बघा. नवे तिन्ही सेल समांतर जोडण्याआधी त्यांचा व्होल्टेज एकमेकांच्या ०.०२ च्या आत आणा.

जोड स्पॉट वेल्डनंच, म्हणजे विजेच्या क्षणभराच्या झटक्यानं पट्टी सेलला ठिपक्याठिपक्यानं जोडून. सेलवर सोल्डर करू नका. सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशे अंशांना असतं, आणि आतला प्लास्टिकचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. लहान स्पॉट वेल्डर विकत मिळतो, आणि नसेल तर हा एवढा टप्पा जाणकाराकडून करून घ्या, बाकी निदान तुमचं झालेलंच आहे. वेल्डरचं सेटिंग आधी काढलेल्या, पूर्ण रिकाम्या केलेल्या सेलवर बसवा. पक्का वेल्ड पट्टी ओढल्यावर सुटत नाही, पट्टीच फाटते आणि ठिपका सेलवर राहतो. पट्टी खरी निकेल आहे की मुलामा दिलेलं लोखंड, हे ओळखायला एक तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड. १५ शतांश मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद निकेल पट्टी या कामाला चालते.

प्रत्येक सेलच्या धन टोकावर बार्ली पेपरची चकती बसवूनच पट्टी ठेवा. धन टोकाची टोपी मधोमध एवढीशी असते आणि तिच्याभोवतीची कड हा ऋण टिनच आहे. मध्ये फक्त प्लास्टिकचं पातळ आवरण. ते घासून गेलं की पट्टीखाली शॉर्ट.

बंद करून पहिलं चार्जिंग

नवा गट जोडण्याआधी तो बाकीच्या नऊ गटांच्या व्होल्टेजला आणून ठेवा. बीएमएसचा समतोल राखण्याचा करंट काही दशक मिलिअँपिअर एवढाच असतो, अर्ध्या व्होल्टचा फरक ती आठवडे घेऊन भरेल. कनेक्टर लावा, दोन्ही तोंडं मोजा, मग श्रिंक स्लीव्ह चढवून डबा बंद करण्याआधी एक पूर्ण चार्ज उघड्यावर, समोर बसून. दर अर्ध्या तासानं तिन्ही नव्या सेलना हात लावा आणि दहा आकडे लिहा. काकांचा पॅक ४१.९ ला थांबला, सगळे गट ४.१८ ते ४.२० मध्ये. ओझ्याची माळ लावली, सातव्याचा फरक ०.०७.

काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावा आणि ते घरच्या कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीत दाबला गेलेला सेल गाडी पेटवू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि आपण त्या वेगळ्या काढून द्यायच्या आहेत. ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

पावसाळ्यात सायकल चार महिने उभी राहणार असेल तर पॅक पूर्ण भरूनही ठेवू नका आणि रिकामाही नको. ३७-३८ व्होल्टवर, पत्र्याच्या शेडमध्ये नाही तर घरात थंड जागी, आणि दर दोन महिन्यांनी एकदा मोजा. बीएमएस स्वतः थोडी थोडी शक्ती खात असते, रिकामा ठेवलेला पॅक तीच तळाला नेते.

काकांच्या पॅकच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर दहा गटांचे आकडे, दुरुस्तीची तारीख आणि सातव्या गटासमोर "तीन सेल नवे" एवढंच लिहिलं आहे. गेल्या महिन्यात काका पुन्हा पॅक घेऊन आले होते, नुसतं मोजायला. सातवा ४.१९. सगळ्यात खाली आता तिसरा आहे, ४.१६. त्याच्यापुढे पेन्सिलनं तारीख घातली.